रात्रीची गोळी आणि रात्रपाळी

मानसिक आजाराच्या औषधांच्या चिठ्ठीवर गोळीच्या नावापुढे अनेकदा तीन आकडे असतात : शून्य, शून्य, एक. सकाळी नाही, दुपारी नाही, रात्री जेवणानंतर एक. अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत एका आठवड्यात पहिली पाळी, दुसऱ्या आठवड्यात दुसरी आणि तिसऱ्या आठवड्यात रात्रपाळी करणाऱ्या कामगाराने यातली ‘रात्र’ कोणती धरायची, हे चिठ्ठीवर नसते. पाळीला निघताना गोळी घेतली तर यंत्रासमोर डोळे मिटतात. नाही घेतली तर केसपेपरवर तो ‘औषधे नियमित न घेणारा रुग्ण’ ठरतो. हा किरकोळ गैरसोयीचा प्रश्न नाही. शरीर आपले तापमान, साखर, मीठपाणी, संप्रेरके आणि झोप ज्या व्यवस्थेने सांभाळते, त्याच व्यवस्थेच्या आधारावर मन उभे असते आणि मनावरची औषधेही तिच्यातूनच वाट काढत मेंदूपर्यंत पोहोचतात. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात लोकलचे वेळापत्रक, कारखान्यांच्या पाळ्या आणि उकाडा मिळून ही व्यवस्था रोज ताणतात. हा ताण लक्षात न घेता केलेला मानसोपचार अर्धवट राहतो आणि काही औषधांच्या बाबतीत तर जिवावरही बेतू शकतो, असे माझे म्हणणे आहे.

बाहेर काहीही बदलले तरी शरीर आतले वातावरण स्थिर ठेवते, म्हणून प्राणी तगतो, हा विचार फ्रान्सच्या क्लॉद बर्नार यांनी एकोणिसाव्या शतकात मांडला. अमेरिकेतील शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९२६ मध्ये त्याला ‘होमिओस्टॅसिस’ हे नाव दिले. शाळेच्या पुस्तकातली आपली समज तिथेच थांबलेली आहे. १९८८ मध्ये पीटर स्टर्लिंग आणि जोसेफ आयर यांनी तिच्यात महत्त्वाची भर घातली. शरीर केवळ बिघडलेले प्रमाण पूर्ववत करत नाही. पुढे काय लागणार आहे याचा अंदाज मेंदू आधीच बांधतो आणि त्यानुसार रक्तदाब, साखर, संप्रेरके आगाऊ वर-खाली करतो, असे त्यांनी दाखवून दिले. जाग येण्याच्या आधीच कॉर्टिसॉल हे संप्रेरक चढू लागते ते यामुळेच. अंदाज बरोबर ठरला तर ही सोय उत्तम असते. पण रोजच अंदाज चुकू लागला, किंवा संकट टळलेच नाही, तर ही आगाऊ तयारी कायमची होऊन बसते. पगार पुरत नाही म्हणून उसनवारीवर चालणारे घर बाहेरून व्यवस्थित दिसते, पण प्रत्येक महिन्याला त्याची ओढाताण वाढत जाते. तसे शरीराचे होते. ब्रूस मॅकइवेन आणि इलियट स्टेलर यांनी १९९३ मध्ये या साचत जाणाऱ्या झिजेची मांडणी केली. रक्तदाब, पोटाचा घेर, साखर, उडालेली झोप, चिडचिड आणि खचलेपण ही वेगवेगळी दुखणी वाटतात. या मांडणीत ती एकाच ओढाताणीची निरनिराळी टोके असू शकतात.

आता या पट्ट्यातला दिवस पाहा. बदलापूर ते सीएसएमटी हे अंतर ६८ किलोमीटर. जलद लोकलला साधारण दीड तास लागतो. त्याआधी रिक्षाची रांग, फलाटावरची धक्काबुक्की, उतरल्यावर पुन्हा बस किंवा पायपीट. जाऊन-येऊन चार-साडेचार तास आणि कामाचे जेवणाच्या सुट्टीसह नऊ तास धरले तर चोवीसातले साडेतेरा संपतात. उरलेल्या वेळात पाणी भरणे, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, आजारी सासूसासऱ्यांचे पाहणे आणि झोप. नोकरी करणाऱ्या बाईच्या वाट्याला यातले बहुतेक येते, म्हणून तिचा दिवस पहाटे चारला डब्याच्या कणकेपासून सुरू होतो. उल्हासनगरचे चित्र निराळे आहे, पण सोपे नाही. तिथल्या जीन्स शिवणाऱ्या गाळ्यांत नगावर मजुरी मिळते, म्हणून लगनसराईच्या आणि दिवाळीच्या आधी कारागीर रात्र रात्र मशीनवर बसतात आणि त्याच गाळ्यात, त्याच पत्र्याखाली आडवे होतात. २०११ च्या जनगणनेत या तीन शहरांत मिळून नऊ लाखांहून अधिक माणसे होती; त्यानंतर बदलापूर किती वाढले ते तिथल्या फलाटावर सकाळी सातला उभे राहिले की कळते. मुंबईत घर परवडत नाही म्हणून माणसे इथे आली. घराच्या किमतीतला तो फरक ती रोज झोपेतून फेडतात.

झोप म्हणजे नुसती विश्रांती नव्हे. मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणाऱ्या मज्जातंतूंच्या संगमाच्या वर, सुमारे २० हजार पेशींचा एक पुंजका आहे. उजेड-अंधाराची खबर घेऊन तो सगळ्या अवयवांना वेळ कळवतो. ही वेळ पेशीच्या आत कशी मोजली जाते, हे उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल मिळाले. यकृत, आतडी, स्वादुपिंड, अधिवृक्क ग्रंथी या सर्वांना आपापला दिवस-रात्र असतो. पाळी दर आठवड्याला बदलली की मध्यवर्ती घड्याळ एका वेळेवर आणि जेवण-जागरण दुसऱ्याच वेळेवर, अशी फाटाफूट होते. घड्याळाला नव्या वेळेशी जुळवून घ्यायला कित्येक दिवस लागतात. ते जुळेपर्यंत पुन्हा पाळी बदलते. ही गोष्ट केवळ थकव्याची नाही, हे ब्रिटनमधल्या ९१ हजार १०५ जणांच्या अभ्यासाने २०१८ मध्ये स्पष्ट केले. त्यांच्या मनगटावर हालचाल मोजणारे यंत्र बांधले होते. ज्यांच्या दिवसाच्या आणि रात्रीच्या हालचालींतला फरक पुसट झाला होता, म्हणजे जे दिवसा मंद आणि रात्री अस्वस्थ होते, त्यांच्यात नैराश्य आणि द्विध्रुवी (बायपोलर) आजार अधिक आढळले.

इथे कोणीही जाणकार थांबवून विचारेल, आणि विचारायलाच हवे : झोप बिघडली म्हणून मन बिघडले, की मन बिघडले म्हणून झोप? उत्तर दोन्ही बाजूंनी येते. पण झोपेकडून मनाकडे जाणारी वाट खरी आहे, याचा पुरावा आता प्रयोगांतून मिळाला आहे. ऑक्सफर्डच्या डॅनियल फ्रीमन यांच्या गटाने ब्रिटनमधल्या २६ विद्यापीठांतले निद्रानाश असलेले ३ हजार ७५५ विद्यार्थी घेतले. निम्म्यांना निद्रानाशावरचा वर्तनोपचार दिला, निम्म्यांना नेहमीचेच ठेवले. २०१७ मध्ये आलेल्या निष्कर्षांत पहिल्या गटाची झोप तर सुधारलीच. शिवाय त्यांच्यातला संशयीपणा, भास आणि नैराश्यही कमी झाले. २०२१ मध्ये अशा ६५ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हाही झोप जितकी सुधारली तितके मनाचे स्वास्थ्य सुधारले असेच दिसले. याहून विलक्षण पुरावा जुना आहे. तीव्र नैराश्याच्या रुग्णाला एक पूर्ण रात्र जागे ठेवले तर साधारण निम्म्या रुग्णांची उदासी सकाळी चक्क हलकी होते, आणि पुन्हा झोपल्यावर बहुतेकांची परत येते. द्विध्रुवी आजाराच्या रुग्णात तेच जागरण उन्मादाला निमंत्रण देऊ शकते. जी गोष्ट एका रात्रीत मनःस्थिती उलटवू शकते, तिला ‘आजाराचे एक लक्षण’ म्हणून केसपेपरच्या कोपऱ्यात टाकणे योग्य नाही.

म्हणून ‘लवकर झोपा’ असा सल्ला द्यावा का? चेन्नईत अल्प उत्पन्न गटातल्या ४५२ प्रौढांवर झालेला प्रयोग इथे फार मोलाचा आहे, कारण तो आपल्या उन्हाळ्यातला आणि आपल्यासारख्याच वस्त्यांतला आहे. ही माणसे आठ तास अंथरुणावर असत, पण झोप लागे जेमतेम साडेपाच तास. उकाडा, डास, आवाज यांनी ती सारखी तुटत असे. संशोधकांनी त्यांना डोळ्यांवरच्या पट्ट्या, कानांतले बोळे, पंखे, चांगली अंथरुणे आणि झोपेविषयी मार्गदर्शन दिले. काहींना जास्त झोपल्याबद्दल पैसेही दिले. रात्रीची झोप सरासरी २७ मिनिटांनी वाढली. आणि त्याने काय साधले? उत्पादकता, आकलन, मनःस्वास्थ्य यांपैकी कशातही लक्षणीय फरक पडला नाही. मात्र ज्यांना कामाच्या जागी दुपारी अर्धा तास डुलकी काढू दिली, त्यांचे काम, एकाग्रता आणि मनःस्वास्थ्य या तिन्हींत सुधारणा झाली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास माझ्या युक्तिवादाच्या विरोधात वाचता येईल. मला तो वेगळा दिसतो. तुटक्या झोपेत आणखी थोडी तुटकी झोप मिसळल्याने आतली व्यवस्था सावरत नाही. गरज असेल त्या वेळी मिळालेली अखंड विश्रांती सावरते. याचा अर्थ असा की बिघाड त्या माणसाच्या शिस्तीत नाही. त्याच्या घराच्या पत्र्यात, गल्लीतल्या आवाजात आणि कामाच्या वेळांत आहे. पेशंटला झोपेचे धडे देऊन हात झटकणाऱ्या डॉक्टरांनी हा अभ्यास जरूर वाचावा.

आता उपचारांकडे येऊ, कारण खरी जोखीम तिथे आहे. लिथियम हे द्विध्रुवी आजारावरचे सर्वांत जुने आणि आजही सर्वांत भरवशाचे औषध. ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी १९४९ मध्ये त्याचा उपयोग दाखवला. ते स्वस्त आहे, आत्महत्येचा धोका घटवते, आणि भारतात सहज मिळते. पण त्याचे रक्तातले योग्य प्रमाण फार अरुंद पट्ट्यात असते : साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रतिलिटर. दीडच्या पुढे विषबाधेची लक्षणे दिसू लागतात. मूत्रपिंड लिथियमला मिठाच्या भावंडासारखे वागवते. शरीरात पाणी किंवा मीठ कमी पडले की मूत्रपिंड मीठ धरून ठेवते आणि त्याच्याबरोबर लिथियमही. म्हणजे आतला समतोल राखण्याची मूत्रपिंडाची धडपडच औषधाचे विष करते. बदलापूरचा पारा एप्रिल-मे महिन्यांत चाळिशी ओलांडतो. लोकलच्या गर्दीत शौचालयाची सोय नाही म्हणून बायका तासन् तास पाणी पिण्याचे टाळतात. बॉयलरजवळचा कामगार घामाने निथळतो. पाठ धरली म्हणून औषधाच्या दुकानातून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेतले जाते, रक्तदाबावर लघवी वाढवणारी गोळी सुरू होते, किंवा कोणी सांगितले म्हणून मीठ एकदम बंद केले जाते. यातली प्रत्येक गोष्ट लिथियमचे प्रमाण वाढवू शकते. श्रावणातले कडक उपवास, सिंधी समाजाचे चालिहाचे उपवास, रमजानचे रोजे यांत पाण्याच्या आणि गोळीच्या वेळा बदलतात. त्याची आखणी डॉक्टरांशी आधी बोलून करावी लागते. हात जोरात थरथरणे, उलट्या, जुलाब, जीभ जड होणे, दारू प्यायल्यासारखी चाल ही विषबाधेची खूण आहे. मे महिन्यात हे सगळे ‘ऊन लागले’ म्हणून खपून जाऊ शकते.

त्याच औषधाच्या तपासणीत पाळीचा घोळ आणखी एक प्रकारे शिरतो. लिथियमचे रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी काढायचे असते. रात्री दहाला गोळी घेऊन सकाळी दहाला रक्त देणाऱ्याचा आकडा बरोबर येतो. रात्रपाळीहून सकाळी सातला परतून, गोळी घेऊन, दहाला प्रयोगशाळेत गेलेल्याचा आकडा फसवा, वाढीव येतो. मग डोस नाहक कमी होतो आणि आजार उलटतो. रक्त घेणाऱ्याने ‘शेवटची गोळी कधी घेतली’ एवढे विचारले तर हे टळते. त्यासाठी ना यंत्र लागते ना पैसा.

उष्णतेचा धोका केवळ लिथियमपुरता नाही. स्किझोफ्रेनियावरची अनेक औषधे मेंदूतल्या तापमान-नियंत्रणात ढवळाढवळ करतात, आणि त्यांच्याबरोबर दिली जाणारी ट्रायहेक्सिफेनिडिलसारखी गोळी घाम आटवते. आपल्याकडे ती सर्रास दिली जाते. २०२१ च्या उन्हाळ्यात कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात आलेल्या उष्णतेच्या लाटेत ६१९ मृत्यू नोंदवले गेले. पुढे कारणांचा शोध घेतला तेव्हा कुठल्याही जुनाट शारीरिक आजारापेक्षा स्किझोफ्रेनिया असलेल्यांचा धोका अधिक, जवळपास तिप्पट, निघाला. त्यात औषधांबरोबर एकाकीपणा आणि गरिबीचाही वाटा असणार. पण उष्माघातापासून बचावाच्या सूचना देताना वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि बांधकाम मजूर यांच्या यादीत मानसिक आजाराची औषधे घेणाऱ्यांनाही ठळक जागा हवी, एवढे त्यातून नक्की निघते.

निदानाच्या बाजूनेही असेच आहे. थायरॉइड मंदावली की माणूस सुस्त होतो, वजन वाढते, लक्ष लागत नाही, रडू येते. हे नैराश्यासारखे दिसते आणि कित्येकदा नैराश्यासोबतच असते. मुंबईसह देशातल्या आठ शहरांत ५ हजार ३७६ प्रौढांच्या तपासणीत सुमारे ११ टक्क्यांची थायरॉइड मंद आढळली होती. तो अभ्यास २०१३ चा आहे. लिथियमही थायरॉइड मंदावू शकते, हे वेगळेच. ‘बी १२’ जीवनसत्त्वाची कमतरता आपल्या शाकाहारी आहारात घरोघर आहे. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाच्या २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४४१ मध्यमवयीन पुरुषांपैकी ६७ टक्क्यांचे प्रमाण कमी निघाले होते. थकवा, विसराळूपणा, चिडचिड, हातापायांना मुंग्या ही त्याची लक्षणे असू शकतात, आणि मधुमेहावरचे मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यास ही कमतरता वाढते. इथे अतिरेकही टाळायला हवा. थायरॉइडच्या अहवालातला प्रत्येक किंचित चढलेला आकडा उदासीचे कारण नसतो, आणि अशा सौम्य बिघाडात थायरॉइडची गोळी दिल्याने मनाला फारसा फायदा होत नाही, हे चाचण्यांतून दिसले आहे. मुद्दा इतकाच की वर्षभर नैराश्यावरच्या गोळ्या बदलत राहण्याआधी एकदा रक्त तपासावे. आणि ओलान्झापिनसारखे वजन व साखर वाढवणारे औषध सुरू केले तर ती तपासणी पुढेही चालू ठेवावी.

या सगळ्यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप वेगळा आहे. माणूस कर्जाने, घरातल्या मारहाणीने, गेलेल्या नोकरीने, जातीच्या अपमानाने खचतो. त्याला कॉर्टिसॉल आणि थायरॉइडमध्ये मोजणे म्हणजे समाजाचे पाप शरीरावर ढकलणे नाही का? विम्कोचा काडेपेटी कारखाना गेला, अंबरनाथच्या किती घरांतली उमेद गेली, ते कोणत्या रक्ततपासणीत दिसणार? हा आक्षेप मी गांभीर्याने घेतो. दुःखाला अर्थ असतो आणि तो ऐकूनच घ्यावा लागतो. त्याला रक्ततपासणी हा पर्याय नाही. पण अन्याय माणसाला आजारी करतो तो शरीराच्या बाहेर राहून करत नाही. थकलेला पगार, रोजचे अडीच-तीन तास एका पायावर उभे राहणे, केव्हाही तुटू शकणारे कंत्राट हे सगळे झोपेत, रक्तदाबात, संप्रेरकांत उतरते. आतल्या व्यवस्थेचा विचार केला तर समाज दृष्टीआड होत नाही. उलट त्याने केलेल्या झिजेची मोजदाद होते. सगळे मनात आहे, मन खंबीर करा, असे सांगणाऱ्या उपदेशानेच खरे तर पाप व्यक्तीच्या माथी मारले आहे.

दुसरा आक्षेप शास्त्रातून येतो आणि तो खरा आहे. कॉर्टिसॉल मोजून नैराश्याचे निदान करता येईल, अशी मोठी आशा १९८० च्या दशकात होती. ती चाचणी दवाखान्यात टिकली नाही. कॉर्टिसॉलची यंत्रणा रोखणारी औषधेही नैराश्यावर अपेक्षेप्रमाणे चालली नाहीत. एकच संप्रेरक पकडून मन दुरुस्त करण्याचा तो प्रयत्न होता. नियमन ही अनेक दुव्यांची गोष्ट आहे. एक दुवा दाबला की दुसरा वर येतो. त्या अपयशातून मी असा बोध घेतो की आपला भर महागड्या संप्रेरक-चाचण्यांवर नको. दिनक्रम, झोप, पाणी, आहार, ठरावीक तपासण्या आणि औषधाची वेळ या साध्या गोष्टींवर हवा. अमेरिकेत पिट्सबर्गच्या एलेन फ्रँक यांनी द्विध्रुवी आजाराच्या १७५ रुग्णांवर केलेला अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. उठणे, जेवणे, माणसांत मिसळणे, झोपणे यांच्या वेळा स्थिर करण्याचा उपचार ज्यांना आजाराच्या तीव्र काळात औषधांच्या जोडीने मिळाला, त्यांना पुढचा झटका उशिरा आला. इथे ‘औषधांच्या जोडीने’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. दिनचर्या आणि प्राणायामाने सगळे बरे होते, गोळ्या फेकून द्या, असे सांगणारे आपल्याकडे कमी नाहीत. लिथियम किंवा स्किझोफ्रेनियाचे औषध अचानक बंद केल्यावर आजार अधिक जोराने उसळतो. माझ्या लेखाचा तसा अर्थ कोणी काढू नये.

आता हे सगळे कोण करणार? राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, २०१५-१६ मध्ये, नैराश्य असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के उपचाराविना होते. त्या सर्वेक्षणातल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता; पण आपले चित्र फार निराळे असेल असे मानायला आधार नाही. जिथे उपचारच पोहोचत नाहीत तिथे पाळी आणि पाण्याचा विचार ही चैन आहे, असे कोणी म्हणेल. मला उलट वाटते. मानसोपचारतज्ज्ञ मोजके आहेत, म्हणूनच त्यांच्याकडे येण्याआधी झोप, साखर, रक्तदाब आणि थायरॉइड पाहणाऱ्या साध्या डॉक्टरच्या टेबलावर मनाची विचारपूस व्हायला हवी. आणि मनाच्या ओपीडीत शरीराची. या पट्ट्यातला माणूस गंभीर मानसिक आजारात १९०१ पासून चालत आलेल्या ठाण्याच्या मनोरुग्णालयाकडे पाहतो. पण उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय जवळ आहे, आणि अंबरनाथला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले आहे. ९ ऑक्टोबर २०२४ ला त्याचे उद्‌घाटन झाले. नव्या महाविद्यालयाला जुन्या सवयी मोडायच्या नसतात, नव्या लावायच्या असतात. औषधवैद्यक आणि मानसोपचार यांची एक सामाईक ओपीडी आठवड्यातून दोनदा तरी संध्याकाळी, लोकल परतल्यावर चालावी. केसपेपरवर चार प्रश्न छापलेले असावेत : पाळी कोणती, गाडी कितीची, झोप कधी आणि किती तुटते, शिवाय कुठल्या वेदनाशामक किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. लिथियम घेणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात शेवटच्या तपासणीची तारीख आणि धोक्याच्या खुणा मराठीत, हिंदीत आणि सिंधीत लिहिलेले कार्ड असावे. मानसिक आणि शारीरिक आजाराला समान वागणूक द्या, असे २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतोच.

कारखान्यांचा भाग सर्वांत अवघड, आणि नेमक्या याच वेळी वारे उलटे वाहत आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या रोजच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा तशीच आहे, जादा कामाला कामगाराची संमती आणि दुप्पट मोबदला आहे, असे समर्थन केले जाते. बेरीज बरोबर आहे. पण शरीर आठवड्याची बेरीज करत नाही; ते रोजच्या उजेड-अंधाराशी हिशेब ठेवते. बारा तासांची पाळी आणि त्यावर बदलापूर-कर्जतचा प्रवास, यात सलग सात तास झोप बसवून दाखवावी. संमतीचे म्हणाल तर कंत्राटी कामगाराची संमती ठेकेदाराच्या दारात किती मोकळेपणाने दिली जाते, हे एमआयडीसीत कोणालाही ठाऊक आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात मानसिक आजाराचा दिव्यांगत्वात समावेश आहे आणि त्याने कामाच्या जागी वाजवी सोयीची संकल्पना आणली. द्विध्रुवी आजाराच्या कामगाराला डॉक्टरांच्या दाखल्यावर रात्रपाळीतून सूट, आजाराचे नाव व्यवस्थापनाला न कळवता, मिळाली पाहिजे. ज्यांना पाळ्या कराव्याच लागतात त्यांच्या पाळ्या सकाळ, दुपार, रात्र अशा पुढच्या दिशेने बदलाव्यात, कारण आपले घड्याळ मागे सरण्यापेक्षा पुढे सहज सरते. उत्पादन घसरेल ही मालकांची भीती मला कळते. पण चेन्नईत डुलकीला जागा मिळालेल्या कामगारांचे काम त्या वेळापुरते थांबले आणि उरलेल्या वेळात वाढले. १९४८ च्या कारखाना कायद्याने पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती बंधनकारक केली होती. ती विश्रांती यंत्राच्या आवाजापासून दूर, पंख्याखाली, पाठ टेकता येईल अशा खोलीत मिळावी, हे अंबरनाथ आणि बदलापूरच्या उद्योजक संघटनांना कुठल्याही नव्या कायद्याची वाट न पाहता उद्यापासून करता येईल.